बाकीचं कोण करणार?

फिल्मवर फोटो काढणं आणि ती घरीच धुणं पुन्हा सुरू झालं आहे. सुरू करणारी बहुतेक मंडळी अशी, की त्यांच्या कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटोसुद्धा डिजिटलच होता. ज्यांनी पोटासाठी वर्षानुवर्षं रोल धुतले, त्यांना या हौसेबद्दल काय वाटत असेल? कोल्हापुरातले एक निवृत्त स्टुडिओवाले मामा आणि पुण्यात नोकरी करणारी त्यांची भाची यांच्यातली ही खडाजंगी. भाचीनं भाड्याच्या घरातल्या बाथरूममध्ये डेव्हलपिंग सुरू केलं आहे. मामांनी डार्करूम मोडून तिथं झेरॉक्सचं मशीन ठेवलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

मामा : पातळ आलाय रोल. सावलीच्या जागी काहीच उमटलेलं नाही.

भाची : धुताना काहीतरी चुकलं असणार. पण मी घड्याळ लावलं होतं. डी-76 डेव्हलपर, एकास एक पाणी, 20 अंश, 11 मिनिटं. एचपी5 फिल्मसाठी तक्त्यात तेवढंच दिलंय.

मामा : धुण्यात चूक नाही. कडेला बघ. फ्रेमचे आकडे आणि फिल्मचं नाव कसं काळं ठसठशीत आलंय. ती अक्षरं कारखान्यातच छापून येतात, तुझ्या कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नाही. ती नीट काळी झाली म्हणजे केमिकलनं आपलं काम केलंय. चूक फोटो काढतानाची. जोतिबाच्या पायऱ्यांवर खालून कॅमेरा रोखलास, मागं सगळं आभाळ. मीटरनं आभाळ वाचलं आणि माणसं अंधारात गेली. आणि काय गं, जोतिबाला जाऊन ब्लॅक अँड व्हाइट? गुलाल कुठं शोधायचा यात?

भाची : गुलाल करडा झाला, तेच मला आवडलं. पण बघा ना, एवढ्याशा पट्टीवरून तुम्ही केवढं सांगितलंत. फोनवर काढले असते तर हे मला कळलं असतं का?

मामा : फोनवर काढले असते तर चूकच झाली नसती.

भाची : म्हणून तर फिल्म.

मामा : हेच माझ्या डोक्यात शिरत नाही. चूक व्हावी म्हणून पैसे मोजायचे? एक रोल हजाराच्या घरात, वर केमिकल. छत्तीसातले दहा बरे निघणार. मी असा धंदा केला असता तर दुकानाला केव्हाच कुलूप लागलं असतं.

भाची : फोनमध्ये माझे हजारो फोटो पडलेत, मामा. काढले आणि विसरले. रोल घातला की बटन दाबायच्या आधी ठरवावं लागतं. उजेड कुठून येतोय, मागं काय आहे, आणि मुळात हा फोटो मला हवाय का? दाबल्यावर मागं बघायला पडदा नसतो, त्यामुळं नजर समोरच्या माणसावरच राहते.

मामा : आम्हीही तसंच करायचो, पण कारण वेगळं होतं. परदेशी रोल सहज मिळायचा नाही, मिळाला तर परवडायचा नाही. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ वापरायचा, तोही जपून. साखरपुड्याला गेलं की मुलीचा बाप आधीच बजावणार : बाराच्या वर एका फोटोचे पैसे देणार नाही. म्हणून आम्ही मोजून दाबत होतो. त्या टंचाईला तू आता शिस्त म्हणतेस. शिस्तच हवी तर फोनवर दिवसाला छत्तीसच काढ. कुणी अडवलंय?

भाची : कुणी अडवत नाही, म्हणून तर होत नाही.

मामा : म्हणजे कुणीतरी आपल्याला अडवावं यासाठी इंग्लंडातल्या कारखान्याला पैसे पाठवायचे!

भाची : हो, पाठवते. तो कारखाना जगला तो अशाच लोकांमुळं. 2004 मध्ये इल्फर्ड बुडायला आली होती. तिथल्याच अधिकाऱ्यांनी ती विकत घेतली आणि चेशायरमधल्या मोबर्लीला आजही एचपी5 बनते. कोडॅकनं 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तरी ट्राय-एक्स मिळतेच. 2024 मध्ये पेंटॅक्सनं चक्क नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. तुमच्या ऊटीच्या कारखान्याला मात्र अशी गिऱ्हाइकं मिळाली नाहीत.

मामा : ऊटीच्या कारखान्याची गोष्ट निराळी आहे, ती आज नको. तुझा सावकाशपणाचा मुद्दा घेऊ. तुम्हाला वाटतं, फिल्म म्हणजे धीराचं काम. फिल्म आली तेव्हा ती घाईवाल्यांची वस्तू होती. त्याआधी काय होतं? 1851 ला आर्चर नावाच्या इंग्रजानं ओल्या काचेची पद्धत काढली. काचेवर कलोडियन ओतायचं, चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत धुवायची. फोटोग्राफर डोंगरावर गेला तर डार्करूमचा तंबू पाठीवर घेऊन जायचा. मग 1888 ला ईस्टमननं कोडॅक काढला. आत शंभर फोटोंचा रोल. संपला की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा आणि 10 डॉलर भरायचे. फोटो धुऊन, नवा रोल घालून कॅमेरा परत यायचा. जाहिरातच तशी होती : बटन तुम्ही दाबा, बाकीचं आम्ही बघतो. काचेवाल्याला ती निव्वळ पळवाट वाटली असणार. तुझी ही तपश्चर्या म्हणजे त्याच्या लेखी आळस!

भाची : मान्य. पण मामा, तुम्ही माझंच काम सोपं केलंत. ईस्टमननं एका कामाचे दोन तुकडे केले. बटन गिऱ्हाइकाकडं, बाकीचं कारखान्याकडं. फोननं पुढची पायरी गाठली. तो एका दाबात अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींत मिसळतो, चेहरा उजळतो, आभाळ गडद करतो. मला विचारत नाही. बाकीचं कोण करतंय हेच आता दिसत नाही. घरी रोल धुते तेव्हा ते बाकीचं माझ्या हातात परत येतं.

मामा : तुझ्या हातात येत असेल. तुझ्या मित्रमंडळींचं काय? ते रोल कुरिअरनं लॅबला धाडतात, तिकडून फोनवर स्कॅन येतात आणि लगेच जगाला दाखवतात. निगेटिव्ह आणायलासुद्धा जात नाहीत. यात ईस्टमनच्या गिऱ्हाइकापेक्षा वेगळं काय केलं?

भाची : काहीच नाही. त्यांची बाजू मी घेणार नाही. नुसता दाणेदार पोत हवा असेल तर फोनमधलं फिल्टर पुरे.

मामा : चला, एका गोष्टीवर तरी जमलं. आणि ते फिल्मला आत्मा असतो वगैरे, तेही सोडून दे. फिल्ममध्ये आत्मा नसतो, गुरांची हाडं असतात. जिलेटिन हाडाकातड्यांचं.

भाची : त्या जिलेटिनचीच एक गंमत वाचली मी. एका खेपेच्या जिलेटिनची फिल्म उजेडाला तेज, दुसऱ्या खेपेची मंद, आणि का ते कुणाला कळेना. 1920 च्या दशकात कोडॅकच्या सॅम्युएल शेपर्ड यांनी छडा लावला. जिलेटिनमध्ये गंधकाचे अंश होते, मोहरीच्या तेलात असतात तसे. गुरांच्या चाऱ्यात मोहरीवर्गातली झाडं आली की त्यांच्या हाडाकातड्यांची फिल्म जास्त तेज निघायची. म्हणजे गुरानं काय खाल्लं ते फोटोत उतरायचं! मला ओढ आहे ती याची. जिथं एखादी वस्तू दुसऱ्या वस्तूवर खरोखर काहीतरी करते. उजेड चांदीच्या क्षारावर पडला, डेव्हलपरनं त्याची चांदी केली, हायपोनं, म्हणजे फिक्सरनं, उरलेला क्षार विरघळवून नेला. यातली प्रत्येक पायरी मी बिघडवू शकते.

मामा : कोल्हापुरात राहणाऱ्या मला हे सांगतेस? आमच्या बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमाराला इथं कॅमेराच बनवला. आणि फाळक्यांनी 1912 ला कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून फिल्म केली. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, अंधारात बसून कच्च्या फिल्मला भोकं पाडली, धुवायला हात लावला. पण यातलं कुणी जुनं म्हणून फिल्मच्या मागं लागलं होतं का? त्या काळातली ती सगळ्यात नवी गोष्ट होती. पेंटरांना हवा तसा कॅमेरा मिळेना म्हणून त्यांनी बनवला. आज असते तर फाळके डिजिटल कॅमेरा घेऊन तुझ्या पुढं पळाले असते आणि तुझी टाकी बघून म्हणाले असते, पोरी, हे कशाला?

भाची : म्हणाले असते. आणि सरस्वतीबाई काय म्हणाल्या असत्या?

मामा : त्यांनी सुटकेचा श्वास सोडला असता. माझे हात बघ. बोटांच्या बेचक्यांत अजून चट्टे आहेत. मेटॉलनं कातडी सोलवटायची. आम्ही डबाबंद पावडर आणत नव्हतो. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट तराजूत तोलून आमचं आम्हीच बनवायचो. हातमोजे कोण घालतंय? डिशमधली प्रिंट बोटांनीच उलटायची. एप्रिलमध्ये नळाचं पाणी तापलेलं, आणि तुझ्या तक्त्यात 20 अंश. बर्फाची लादी आणायची, प्लास्टिकच्या पिशवीत तुकडे घालून डेव्हलपरमध्ये सोडायचे. पारा वर राहिला तर मिनिटं कमी करायची, आणि फार कमी केली तर एकीकडं जास्त, एकीकडं कमी, असा रोल धुतला जायचा. जिलेटिन मऊ होऊन दुधावरच्या सायीसारखं सुटू नये म्हणून हायपोत तुरटी. लाल दिव्याखाली सिनेमातला हिरो प्रिंट काढतो ते दिसतं. रोल धुताना तो लाल दिवासुद्धा चालत नाही, हे सिनेमावाले सांगत नाहीत. मिट्ट काळोखात, घामानं चिकट झालेल्या बोटांनी रोल स्पायरलवर चढवायचा. लग्नसराईत रात्रभर.

भाची : मी नायट्राइलचे हातमोजे घालते, मामा. आणि पाणीही तुमच्याइतकं लागत नाही. तुम्ही फिक्सरनंतर अर्धा तास नळ सोडून ठेवायचात. इल्फर्डची रीत अशी : टाकी भरून पाच वेळा उलटसुलट करायची, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. तीन टाक्या पाण्यात हायपो निघून जातो.

मामा : हे मला माहीत नव्हतं. केवढं पाणी घालवलं आम्ही! बरं, वापरलेल्या फिक्सरचं काय करतेस?

भाची : आत्तापर्यंत सिंकमध्ये…

मामा : अजिबात नाही! त्यात चांदी असते. आमच्याकडं कॅन घेऊन माणूस यायचा, जुना हायपो विकत न्यायचा. विकत, कळलं का? तुला विकायचा नसेल तर कॅनमध्ये साठव, त्यात स्टील वूल टाक. लोखंड विरघळतं, चांदी खाली बसते. नदीतले मासे मारायचा अधिकार हौसेला नाही.

भाची : लिहून घेते. पण एक सांगा, एवढा त्रास काढलात तरी तुमच्याकडं काहीतरी उरलंच ना? गावातल्या तीन पिढ्यांच्या निगेटिव्ह होत्या तुमच्याकडं. तशी फोनमधली फाइल पन्नास वर्षांनी उघडेल का?

मामा : होत्या. बरोबर बोललीस, होत्या. 2019 ला शाहूपुरीत पुराचं पाणी शिरलं तेव्हा सगळे खोके खालच्या फळीवर होते. जिलेटिन पाणी पिऊन फुगतं. सुकलं तेव्हा पट्टीला पट्टी चिकटून विटा झाल्या होत्या. ओल्या असतानाच बादलीत बुडवून एकेक सोडवल्या असत्या तर काही वाचल्या असत्या, पण त्या आठवड्यात निगेटिव्ह कोण बघणार? आणि माझं सोड. पुण्यात 2003 ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली, त्यात देशाच्या जुन्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या. ॲसिटेटची फिल्म जळत नाही तशी, पण दमट हवेत तिला व्हिनेगरसारखा वास सुटतो आणि ती आक्रसते. फाइलच्या चार प्रती चार गावांत ठेवता येतात. निगेटिव्ह एकच.

भाची : ती एकच असते म्हणूनच तिची जबाबदारी कुणावर तरी येते. फाइल सगळीकडं असते, म्हणून ती कुणाचीच नसते.

मामा : जबाबदारी म्हणजे काय ते सांगतो. उचगावच्या एका लग्नात रोल कॅमेऱ्यात बसलाच नव्हता. टोक दातांवरून निसटलं होतं. मी आपला दाबतोय, खटका वाजतोय, आकडा पुढं सरकतोय. कन्यादान, सप्तपदी, पाठवणी, सगळं काढलं. रात्री धुतला तर कोरा करकरीत. मुलीच्या वडिलांकडं सांगायला गेलो. ते ओरडले नाहीत. म्हणाले, आता परत कसं करायचं हो? त्यानंतर प्रत्येक रोल घालताना रिवाइंडचा नॉब फिरतोय का ते मी बघायचो. झोपेतसुद्धा बघायचो. पहिला डिजिटल कॅमेरा घेतला आणि फोटो मागच्या पडद्यावर दिसला, त्या दिवशी मला काय वाटलं असेल? तुम्ही ज्याला उत्कंठा म्हणता ना, ती मला भीती म्हणून माहीत आहे.

भाची : हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत.

मामा : विचारलंस कधी? होमाई व्यारावालांचं बघ. देशातली पहिली बाई प्रेस फोटोग्राफर. नेहरू, गांधी, सगळे तिच्या कॅमेऱ्यात. 1970 ला काम थांबवलं आणि 2012 पर्यंत जगली. इतक्या वर्षांत हौस म्हणून पुन्हा कॅमेरा उचलला नाही. काम झालं, संपलं.

भाची : त्यांनी थांबवलं ते नव्या फोटोग्राफरांच्या बेशिस्तीला कंटाळून. फिल्म धुवायला कंटाळून नव्हे. तुमच्या बाजूनं साक्ष काढायची तर पूर्ण काढा. आणि मी तरी त्या अमेरिकन फोटोग्राफरला, गॅरी विनोग्रँडला, कुठं आणलं? तो मुद्दाम महिनोन्महिने रोल धुवायचा नाही. काढतानाचा उत्साह उतरला की स्वतःचे फोटो तटस्थपणे पारखता येतात म्हणून.

मामा : आणि 1984 ला वारला तेव्हा अडीच हजार रोल न धुतलेले मागं राहिले. हा संयम नव्हे, ही थकबाकी.

भाची : बरं, ही बाजी तुमची. पण मूळ प्रश्न राहिलाच. गरज संपलेलं काम करावं की नाही? गंगावेशीच्या तालमीत पोरं पहाटे माती उकरतात, शेकड्यांनी जोर मारतात. कुस्ती मारून आता कुणाला राज्य मिळत नाही. जड ओझं उचलायला यंत्रं आहेत. मग त्यांना तुम्ही वेडे म्हणता का? उलट तुम्हीच मैदानात पहिल्या रांगेत बसता.

मामा : त्याला वेड म्हणणार नाही. पण तालमीत वस्ताद असतो. चुकलं की तो पाठीत रट्टा घालतो. आणि पठ्ठ्याला एक दिवस सगळ्या गावासमोर मैदानात उतरावं लागतं. तुझा वस्ताद कोण? यूट्यूब. मैदान कुठलं? मित्रांचे लाइक. तुझी चूक तुला काही शिकवत नाही, कारण तिचं कुणाला काही वाटत नाही. पातळ रोल आला तर तू म्हणतेस, छान, करडा गुलाल!

भाची : हे लागलं. पण खरं आहे.

मामा : तू म्हणतेस, बाकीचं काम माझ्या हातात परत आलं. अर्धंच आलंय. उरलेलं अर्धं म्हणजे ज्याचा फोटो त्याला उत्तर द्यायचं. ईस्टमनच्या कारखान्यावरसुद्धा ती जबाबदारी होती. गिऱ्हाइकाचा रोल बिघडला तर त्याला पत्र लिहावं लागत असेल. ते अर्धं तू सोयीनं गाळलंस.

भाची : मग शिकवा मला. एन्लार्जर अजून माळ्यावर आहे ना?

मामा : आहे. लेन्सला बुरशी आली असेल, बघावं लागेल. पण फुकट शिकवणार नाही. तुझी हौस, माझा धंदा होता.

भाची : फी सांगा.

मामा : पैसे नकोत. तीन अटी. डबाबंद पावडर बंद. तराजू आण, डी-76 घरी बनवायचं. लिटरला मेटॉल 2 ग्रॅम, सल्फाइट 100, हायड्रोक्विनोन 5, बोरॅक्स 2. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट, हा क्रम चुकवायचा नाही. हातमोजे घालूनच. दुसरी अट : स्कॅन नंतर. आधी सगळ्या रोलची कॉन्टॅक्ट शीट ब्रोमाइडवर काढायची आणि त्यातला एकच फोटो मला निवडून दाखवायचा. का निवडलास तेही सांगायचं.

भाची : आणि तिसरी?

मामा : दर महिन्याला एक रोल दुसऱ्या कुणासाठी. दुकानवाले आजोबा असतील, शेजारच्यांचं बारसं असेल. त्यांना आधी सांगायचं की फोटो मी काढतेय, फिल्मवर काढतेय, अमुक तारखेला प्रिंट देईन. फोनवर जोडीनं एकही काढायचा नाही.

भाची : आणि बिघडला तर?

मामा : तर त्यांच्या घरी जाऊन तू सांगायचं. तेही डेव्हलपिंगमध्येच येतं.